ताऱ्यांचा फोटो बिघडला? एकच तारा मोठा करून बघा

साधा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आणि एक ट्रायपॉड, एवढ्यावर आकाशगंगेचा फोटो निघतो. तो बिघडला की दोष कॅमेऱ्यावर जातो आणि महागड्या लेन्सची चौकशी सुरू होते. त्याआधी फोटो १०० टक्के झूम करून एकच तारा नीट बघा. नेमकं कुठे चुकलं ते बहुतेक वेळा त्याच्या आकारावरून कळतं.

तारा ठिपक्याऐवजी फुगीर, गोल चकतीसारखा दिसतोय? मग फोकस चुकलाय. सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात, आणि ही चूक नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नीट सुधारत नाही. अंधारात ऑटोफोकस नुसता मागेपुढे करत राहतो. म्हणून लोक मॅन्युअलवर जातात आणि रिंग शेवटपर्यंत फिरवतात. तिथेच घात होतो. बहुतेक ऑटोफोकस लेन्सची रिंग अनंताच्याही (जिथे खूप दूरच्या गोष्टी स्पष्ट दिसतात ती जागा) थोडी पुढे जाते, आणि किट लेन्सवर अनेकदा अनंताची खूणच नसते. त्यापेक्षा लाइव्ह व्ह्यू सुरू करा, व्याधासारखा ठळक तारा चौकटीत घ्या, स्क्रीनवर तो भाग १० पट मोठा करा आणि रिंग अगदी सावकाश फिरवा. तारा लहान होत जाईल, मग पुन्हा फुगू लागेल. जिथे तो सगळ्यात बारीक होता तिथे परत या. आजूबाजूचे फिकट तारे एकदम दिसू लागले, की जागा सापडली. आता रिंगवर चिकटपट्टी लावा. झूम हलला तर सगळं पुन्हा करावं लागेल. रात्र चढते तसं तापमान उतरतं आणि फोकस किंचित सरकतो, तेव्हा अधूनमधून तपासत राहा.

शेजारशेजारचे तारे एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील, तर शटर जास्त वेळ उघडं राहिलंय. आकाश तासाला १५ अंश सरकतं. ५०० ला फोकल लेंथ (लेन्सचा मिमीतला आकडा) आणि क्रॉप फॅक्टर (सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा किती पट लहान आहे तो आकडा) यांच्या गुणाकाराने भागा, असा एक प्रचलित नियम आहे. १८ मिमी आणि १.५ क्रॉप धरला तर सुमारे १८ सेकंद येतात. पण २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यातही रेघ उमटते. मी ५०० च्या जागी ३०० घेतो. म्हणजे ११ सेकंद. ध्रुवाजवळच्या ताऱ्यांना जास्त वेळ चालतो. मृगातल्या बाणाचे तीन तारे मात्र खगोलीय विषुववृत्ताजवळ (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा) असल्यामुळे सगळ्यात लवकर लांबतात.

रेघ वेडीवाकडी असेल, तर ट्रायपॉड हललाय. मधला दांडा खाली घ्या, २ सेकंदांचा टायमर लावा, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा. फक्त कोपऱ्यांतल्या ताऱ्यांना पंख फुटले असतील, तर तो लेन्सचा स्वभाव आहे. अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) थोडं लहान केल्यावर ते कमी होतात, पण किट लेन्सवर मी एफ/३.५, म्हणजे तिचं सगळ्यात मोठं छिद्र, सोडत नाही. प्रकाश आधीच तुटपुंजा असतो. झूम करून ५५ मिमीवर गेलात, तर तो एफ/५.६ पर्यंत घटतो.

सुरुवातीचे फोटो स्वच्छ आणि नंतरच्या फोटोंत प्रत्येक ताऱ्याभोवती धुरकट वलय, असं झालं तर लेन्सवर दव बसलंय. पुसल्यावर पुन्हा बसतं. लेन्स हवेपेक्षा किंचित उबदार ठेवावी लागते. तिच्याभोवती हीट पॅक बांधला तरी पुरतं.

तारे ठीक, पण सगळा फोटो काळा आणि दाणेदार? यामागे बहुधा आयएसओ, म्हणजे प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा आकडा, वाढवण्याची भीती असते. ४०० वर काढून नंतर उजळलेला फोटो १६०० वर काढलेल्यापेक्षा अनेक कॅमेऱ्यांत जास्त खराब निघतो. १६०० ते ३२०० खुशाल वापरा आणि फोटो रॉमध्येच (सेन्सरची कच्ची माहिती जपणारी फाइल) घ्या. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विसंबू नका. अंधारात ती फसवी उजळ दिसते. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) डाव्या भिंतीला चिकटलेला नसावा.

दाणे खरंच घालवायचे असतील, तर त्याच चौकटीचे १६ फोटो घ्या आणि डीपस्कायस्टॅकर किंवा सिक्वेटर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा, म्हणजे स्टॅक करा. दाणे जवळपास चौथ्या हिश्शावर येतात. त्या वेळी लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ अडून बसेल. त्याऐवजी शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर काही फोटो घ्या आणि तेही स्टॅकिंगमध्ये जोडा.