रेकॉर्डरच्या प्रीअँपची तुलना घरच्या घरी कशी करायची, न फसता

मी जवळपास वर्षभर भेटेल त्याला सांगत होतो की माझ्या जुन्या रेकॉर्डरचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा आतला भाग) नव्यापेक्षा जास्त भरीव आहे, आवाजाला वजन येतं वगैरे. मग एकदा सहज दोन्हीच्या फाइल एकाखाली एक टाकून लेव्हल मोजली तर जुनी फाइल दीड डीबीने मोठी निघाली. ती तेवढी खाली ओढली आणि वजन गायब! त्यामुळे पहिलं हे डोक्यात पक्कं करा, मोठा आवाज कानाला नेहमी "चांगला" वाटतो, मीटरवर जुळवल्याशिवाय कुठलंही मत द्यायचं नाही, स्वतःला सुद्धा.

आता रेकॉर्डर मागवायच्या किंवा कुणाकडून उसना आणायच्या आधी पाच मिनिटं हिशोब करा, कारण बऱ्याचदा तिथेच विषय मिटतो. स्पेक शीटवर ईआयएन नावाचा आकडा असतो, म्हणजे प्रीअँप स्वतःची जी हिस (फस्स असा आवाज) घालतो ती इनपुटपाशी मोजली तर किती. झूमच्या एफ३, एफ६ ला कंपनी -१२७ डीबीयू (सिग्नलचं व्होल्टेज डेसिबलमध्ये सांगायचं एकक) सांगते, साउंड डिव्हायसेसच्या मिक्सप्री-३ टू ला -१२८ (शीटवरचा -१३० हा डीबीव्ही या वेगळ्या एककात आहे), आणि स्वस्तातले हातात धरायचे रेकॉर्डर साधारण -१२० च्या आसपास समजा. आकडा जितका खाली तितकं चांगलं, पण याला तळ आहे. १५० ओहमचा नुसता रेझिस्टर सुद्धा उष्णतेमुळे सुमारे -१३१ डीबीयू हिस करतो, त्याच्या खाली जायचं कुणाच्या हातात नाही. आणि हो, आकड्यापुढे ए-वेटेड (कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी धरून मोजलेला) लिहिलंय का ते बघा, कारण तसं मोजलं की तोच प्रीअँप दोनेक डीबी सुंदर दिसतो, एकाचा ए-वेटेड आणि दुसऱ्याचा साधा आकडा शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही.

पण हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, माइक कुठला लावणार त्यावर सगळं आहे. शुअर एसएम५७ घ्या. ९४ डीबी आवाजाला तो १.६ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे साधारण -५४ डीबीयू. प्रीअँप -१२७ चा असेल तर मधलं अंतर ७३, आणि ९४ मधून ७३ गेले की उरले २१, म्हणजे २१ डीबी इतका बारीक आवाज हिसच्या बरोबरीला येणार. तोच माइक -१२० च्या प्रीअँपला लावा, २८ होतात. पूर्ण ७ डीबीचा फरक, शांत खोलीत हळू बोलणारा माणूस रेकॉर्ड करताना हा अगदी स्वच्छ ऐकू येतो. आता सेनहायझर एमकेएच ४१६ घ्या, तो त्याच आवाजाला २५ मिलिव्होल्ट देतो आणि त्याची स्वतःचीच हिस १३ डीबीए (ए-वेटेड डीबी), म्हणजे ती प्रीअँपपाशी पोचते तेव्हा -१११ डीबीयू असते. त्यापुढे -१२० वाला प्रीअँप जेमतेम अर्धा डीबी भर घालतो आणि -१२७ वाला तर ०.१. म्हणजे ४१६ साठी निव्वळ हिस कमी व्हावी म्हणून महागडा रेकॉर्डर घेणार असाल तर थांबा. मधली केस म्हणजे रोड एनटी१-ए सारखा ५ डीबीए वाला माइक, तिथे -१२० आणि -१२७ मध्ये दोन डीबीच्या आसपास फरक पडतो, पक्ष्यांचे किंवा रात्रीचे आवाज घेणाऱ्याला तो हवा असू शकतो.

हिशोबात फरक दिसला तरच टेस्टला बसा.

एक मेल एक्सएलआर प्लग (माइक केबलचा तीन पिनांचा) घ्या, आत पिन २ आणि ३ च्या मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा, पिन १ प्लगच्या धातूच्या अंगाला जोडा आणि झाकण बंद करा. झालं तुमचं टेस्ट उपकरण. काही जण नुसतं शॉर्ट करतात, त्याने आकडा उगाच छान येतो कारण खरा माइक कधीच शून्य ओहम नसतो. इनपुट उघडा ठेवून तर अजिबात मोजू नका, हमच हम येईल.

दोन्ही रेकॉर्डरवर सेम सेटिंग ठेवा, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, लो-कट (खालचे घुमणारे आवाज कापणारा फिल्टर) बंद, लिमिटर (मोठा आवाज आपोआप दाबणारा) बंद. सॅम्पल रेट वेगळा ठेवलात तर घोळ होतो, ९६ वर कानाला न ऐकू येणारी वरची हिस पण मोजली जाते आणि आकडा तीनेक डीबी वाईट येऊ शकतो, ऐकायला मात्र काही फरक नाही. बॅटरीवर चालवा. हे मी मुद्दाम सांगतोय कारण मी एक अख्खी संध्याकाळ एका बिचाऱ्या रेकॉर्डरला शिव्या घातल्या, बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि तो निघाला यूएसबी चार्जरचा, केबल काढली की शांत.

मग एक स्पीकर आणि एक डायनॅमिक माइक (एसएम५७ सारखा), मधलं अंतर टेपने फरशीवर खुणा करून पक्कं करा, १ किलोहर्ट्झचा टोन सोडा, तीस सेकंद रेकॉर्ड करा. गेनला (सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणाऱ्या नॉबला) हात न लावता माइक काढा, रेझिस्टरचा प्लग लावा, अजून तीस सेकंद. दुसऱ्या रेकॉर्डरवर हेच, स्पीकरचा व्हॉल्यूम न हलवता. गेनच्या नॉबवरचे आकडे जुळवत बसू नका, एकाचा "७" आणि दुसऱ्याचा "७" यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. त्यापेक्षा दोन्हीकडे टोनचा लेव्हल साधारण सारखा येईल असं बघा, आणि गेन तुम्ही खरोखर वापरता तेवढाच ठेवा, कारण बरेच प्रीअँप कमी गेनवर जास्त घाण असतात आणि कंपनीचा आकडा जवळपास नेहमी फुल गेनचा असतो. वाय केबलने एकच माइक एकाच वेळी दोघांना द्यायचा मोह होतो, तो टाळा, दोन इनपुटचा लोड एकदम पडून माइकच वेगळा वागायला लागतो.

कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकड्यांची आरएमएस (एक प्रकारची सरासरी) लेव्हल बघा. समजा पहिल्यात टोन -२० आणि हिस -६३, अंतर ४३. दुसऱ्यात टोन -२४ आणि हिस -७३, अंतर ४९. दुसरा ६ डीबीने स्वच्छ. नुसती हिस बघितली असती तर १० डीबी म्हणून नाचलो असतो. ३२ बिट फ्लोट या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करणाऱ्या काही रेकॉर्डरना गेनच नसतो, तिथे फाइल नंतर वर उचला, अंतर तेच राहतं. आणि फ्लोट आहे म्हणून हिस कमी असा एक गैरसमज आहे, फ्लोट क्लिपिंगपासून (मोठा आवाज फाटण्यापासून) वाचवतो, प्रीअँपची हिस आहे तेवढीच राहते.

आकडा झाला की कान. आता टोन काढून माणसाचं बोलणं किंवा पानांची सळसळ, पुन्हा त्याच जागेवरून त्याच स्पीकरवर वाजवून रेकॉर्ड करा, फाइल अर्ध्या डीबीच्या आत जुळवा आणि दुसऱ्या कुणाला तरी नावं बदलून द्यायला सांगा. दहा-बारा वेळा ओळखायचा प्रयत्न करा. सरळ फस्स अशी हिस असेल तर दोन-तीन डीबी जास्त पण चालते, एडिटमध्ये बऱ्यापैकी निघते. पण कार्डवर लिहिताना टिकटिक येत असेल किंवा फँटम (रेकॉर्डर माइकला देतो ती वीज) चालू केल्यावर गुणगुण वाढत असेल तर आकडा कितीही छान असू दे, तो रेकॉर्डर मी घेत नाही. फँटम चालू-बंद करून हिस दोन्ही वेळा ऐकाच, ते कुणी करत नाही. आणि ३.५ एमएमच्या इनपुटची टेस्ट वेगळी करायची, एक्सएलआर स्वच्छ म्हणून तोही स्वच्छ असं गृहीत धरून लव्हेलियर (कपड्याला लावायचा छोटा माइक) लावलात तर घरी येऊन हेडफोन घातल्यावर कळेल.