गारचॉम्प हाताशी असूनही हरता? या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका मित्राच्या घरी रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण आपापले निन्टेंडो स्विच हे गेमयंत्र घेऊन पोकेमॉनच्या लढती खेळायला बसतो. तेथे नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या संघात गारचॉम्प हा पोकेमॉन असतो, आणि दोन-तीन आठवड्यांत ‘हा उगीच नावाजलेला आहे’ ही तक्रारही त्याच व्यक्तीकडून ऐकायला मिळते. ही तक्रार मला मान्य नाही. २००६ साली डायमंड आणि पर्ल या खेळांतून आलेल्या या ड्रॅगन-ग्राउंड पोकेमॉनला त्या पिढीतच स्मोगॉन या खेळाडूंच्या समुदायाने नेहमीच्या गटातून काढून उबर्स या अतिबलवानांच्या गटात टाकले होते, यावरून त्याचा दरारा लक्षात यावा. एचपी (जीवशक्ती) १०८, अटॅक १३०, डिफेन्स ९५, स्पेशल डिफेन्स ८५ आणि स्पीड १०२ हे त्याचे मूळ आकडे आहेत. तो जोरात मारतो, बऱ्यापैकी मार सोसतो, शत्रूच्या बाजूला स्टेल्थ रॉक आणि स्पाइक्स (मैदानात उतरणाऱ्यांना इजा करणारे सापळे) पेरतो, शिवाय विजेचा मारा त्याला मुळीच लागत नाही. अडचण नेमकी येथेच आहे. इतके सगळे करता येणाऱ्याकडून आपण सगळेच एका लढतीत करून घ्यायला जातो. पुढे दिलेल्या चुकांपैकी बहुतेक या एका हव्यासातून होतात. सर्व आकडे आणि नियम २०२२ साली आलेल्या स्कार्लेट आणि व्हायोलेट या खेळांतील, पन्नासाव्या लेव्हलवरचे गृहीत धरले आहेत.

काम न ठरवताच मूव्ह भरणे

मागे एका महाविद्यालयीन मुलाने आपला गारचॉम्प तपासायला दिला. हातात चॉइस स्कार्फ ही वस्तू आणि मूव्ह (लढतीत वापरायचे चार डाव) अर्थक्वेक, आउटरेज, स्वॉर्ड्स डान्स व स्टेल्थ रॉक. ‘दादा, यात सगळं आलंय,’ असे तो मोठ्या समाधानाने म्हणाला. सगळे आले होते हे खरे, पण एकातले दुसऱ्याला उपयोगी पडेल असे काहीच नव्हते. स्कार्फ गती दीडपट करतो, मात्र पहिल्यांदा जी मूव्ह वापराल तिच्यातच तो तुम्हाला बांधून टाकतो. म्हणजे स्वॉर्ड्स डान्स केला की पुढच्या चालीलाही स्वॉर्ड्स डान्सच करावा लागणार, आणि स्टेल्थ रॉक एकदा पसरल्यावर तीच मूव्ह पुन्हा वापरून काहीही होणार नाही. बाहेर पडायचे तर पोकेमॉन बदलावा लागतो, आणि बदलला की डान्सने दुप्पट झालेला अटॅकही जातो.

स्कार्फ द्यायचा असेल तर चारही मूव्ह हल्ल्याच्या ठेवाव्यात आणि प्रोटेक्ट ही बचावाची मूव्हही काढून टाकावी. स्टेल्थ रॉक पसरण्याचे काम द्यायचे असेल तर फोकस सॅश (एका फटक्यात पडण्यापासून वाचवणारी वस्तू) द्यावा आणि त्याला पहिल्या चालीलाच उतरवावे. सॅश पूर्ण एचपी असतानाच वाचवतो, त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवलेला सॅशवाला गारचॉम्प मैदानात येईपर्यंत शत्रूनेच स्टेल्थ रॉक पसरलेला असतो. ग्राउंड प्रकारामुळे त्याला त्याचा त्रास फक्त एक-षोडशांश होतो, परंतु सॅश निकामी व्हायला तेवढेही पुरते. समोर टाँट (हल्ल्याखेरीज इतर मूव्ह बंद पाडणारी मूव्ह) वापरणारा पोकेमॉन दिसत असेल तर पहिल्या चालीला दगडांचा हट्ट सोडून सरळ मारावे. एकेरी लढतीत मार सोसत शत्रूला झिजवायचे असेल तर रॉकी हेल्मेट, आणि डान्स करून शेवटी सफाई करायची असेल तर स्केल शॉट ही अनेक घावांची मूव्ह व तिचे घाव वाढवणारी लोडेड डाइस ही वस्तू. यांपैकी एक घ्यावे.

१६९ आणि १६७

माझ्या मते गारचॉम्पचा सगळा स्वभाव त्याच्या १०२ या मूळ गतीत आहे. चॅरिझार्ड, सॅलामेन्स, व्होल्कारोना आणि झॅपडॉस हे सर्व १०० मूळ गतीचे आहेत. पूर्ण ईव्ही (प्रशिक्षणाने मिळणारे गुण) आणि गतीपोषक नेचर (एखादा आकडा वाढवणारा स्वभाव) दिल्यावर त्यांची गती १६७ होते, तर जॉली नेचरच्या गारचॉम्पची १६९. दोन आकड्यांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण आधी कोण मारणार हे त्यावरच ठरते. अॅडमंट नेचर घेतल्यास अटॅक १८२ वरून २०० होतो, मात्र गती १५४ वर येते आणि वरील सर्वांच्या मागे जाऊन उभे राहावे लागते. अनेक जण मोठा अटॅक पाहून अॅडमंट घेतात आणि मग ‘माझी चाल नंतर का आली’ असे विचारतात. अॅडमंट सर्वथा चुकीचे आहे असे नाही. स्कार्फ असल्यास १५४ चे २३१ होतात आणि २१३ गतीचा ड्रॅगापल्टही मागे पडतो, तसेच संघात टेलविंड लावणारा साथीदार असेल तर चार चालींपुरती गती दुप्पट होतेच. गती दुसरीकडून मिळणार नसेल तर मात्र जॉलीच घ्यावे.

गती अपेक्षेप्रमाणे दिसत नसेल तर दोष शोधणे सोपे आहे. पन्नासाव्या लेव्हलला आकडा नेमका १५४ दिसत असेल, तर ईव्ही पूर्ण आहेत पण नेचर जॉली नाही, आणि जॉली मिंट खाऊ घातल्यावर प्रश्न सुटतो. आकडा १३४ असेल तर नेचर बरोबर आहे, पण गतीचे ईव्ही दिलेलेच नाहीत. १५१ दिसत असेल तर जन्मजात आयव्ही शून्य आहे आणि बॉटल कॅप खर्च करून हायपर ट्रेनिंग करावे लागेल. ईव्ही एकूण ५१० आणि एका गुणात जास्तीत जास्त २५२ देता येतात. अटॅक आणि स्पीड भरल्यावर उरलेल्या सहांपैकी चार एचपीत टाकले की १८३ चे १८४ होतात.

आमच्याकडच्या द्राक्ष बागाईतदारांना हे वेगळे सांगायला नको. एप्रिलच्या खरड छाटणीत काडी नीट तयार झाली नाही, तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड येत नाहीत, आणि तेव्हा फवारण्या करून काही हाती लागत नाही. ईव्हीची गफलतही लढतीच्या मध्यावर उघडी पडते आणि तेथे ती दुरुस्त करता येत नाही.

तयारीतील आणखी एक चूक अॅबिलिटीची, म्हणजे आपोआप लागू होणाऱ्या अंगभूत गुणाची आहे. खेळात सहज मिळणाऱ्या गारचॉम्पची अॅबिलिटी सॅन्ड व्हेल असते, आणि वाळूचे वादळ नसेल तर तिचा काहीही उपयोग नाही. हवी असते ती भिडणाऱ्याला इजा करणारी रफ स्किन. त्यासाठी अॅबिलिटी कॅप्सूल लागत नाही, कारण कॅप्सूल दोन साध्या अॅबिलिटींमध्येच अदलाबदल करते आणि गारचॉम्पला साधी अॅबिलिटी एकच आहे. रफ स्किन ही लपलेली अॅबिलिटी असल्याने येथे अॅबिलिटी पॅचच लागतो.

नावातच गार, तरी गारठ्याचे वैरी

बर्फाचा मारा ड्रॅगनलाही दुप्पट लागतो आणि ग्राउंडलाही, त्यामुळे गारचॉम्पला तो चौपट लागतो. तयार घडांवर पडणाऱ्या गारांचे जे भय निफाड-दिंडोरीच्या शिवारात असते, तेच येथे आहे, आणि बाग जशी झाकता येते तसा यावरही उपाय आहे. तरीही बहुतेक जण ‘आपली गती जास्त आहे, आधीच मारू’ या भरवशावर बसतात. आइस शार्ड ही बर्फाची प्रायॉरिटी मूव्ह (गती न पाहता आधी लागणारी) असल्याने तेथे गतीचा प्रश्नच येत नाही. वीव्हाइल, मॅमोस्वाइन, बॅक्सकॅलिबर, चिएन-पाव हे सर्व ती वापरू शकतात. चिएन-पावची स्वतःची अॅबिलिटी समोरच्याचा डिफेन्स पाव हिश्श्याने घटवते, त्यामुळे त्याचा अटॅक पूर्ण वाढवलेला असेल तर अवघ्या ४० शक्तीची ही मूव्ह किमान १८४ एचपी काढते. वर एचपीत टाकलेले ते चार ईव्हीही येथे वाचवत नाहीत. शत्रूच्या सहांमध्ये यांपैकी कोणी दिसला, तर तो मैदानात असेपर्यंत गारचॉम्पला सॅशशिवाय किंवा टेराशिवाय (लढतीत पोकेमॉनचा प्रकार बदलण्याची सोय) उभे करू नये.

टेरा स्टील हा त्यावरचा रूढ उपाय आहे आणि तो उत्तम आहे, कारण बर्फ, ड्रॅगन आणि फेअरी या तिन्ही मूळ दुबळ्या बाजू एकदम प्रतिकारात बदलतात आणि स्वतःच्या ड्रॅगन व ग्राउंड मूव्हचा जादा जोरही कायम राहतो. पण टेरा केल्यावर तो बचावापुरता निव्वळ स्टील उरतो, हे विसरले जाते. विजेपासूनची सूट जाते आणि थंडरबोल्ट पूर्ण लागतो. पूर्वी अर्धी लागणारी आग आता दुप्पट लागते, आणि फायटिंग व ग्राउंडचा माराही दुप्पट लागतो. मी स्वतः एका निर्णायक लढतीत सवयीने झॅपडॉससमोर निर्धास्त बसलो आणि टेरा केलेला गारचॉम्प विजेच्या फटक्याने गमावला. टेरा फायर हा दुसरा पर्याय बर्न (भाजल्याने मारा कमी होणे) टाळतो आणि बर्फ-फेअरी अर्धे करतो, परंतु ड्रॅगनचा मारा अडवत नाही. संघाला टेरा एकदाच मिळतो, म्हणून तो गारचॉम्पवर खर्च करायचा की नाही हे सहा जणांची यादी दिसताच ठरवलेले बरे.

दुहेरी लढतीतील अर्थक्वेक

सर्वांत जास्त नुकसान मी या एका मूव्हमुळे पाहिले आहे. दुहेरी लढतीत अर्थक्वेक दोन्ही शत्रूंना लागतो, तसाच शेजारी उभ्या असलेल्या आपल्या साथीदारालाही लागतो. साथीदार फ्लाइंग प्रकारचा असावा, लेव्हिटेट (हवेत तरंगण्याच्या) अॅबिलिटीचा असावा किंवा त्या चालीला त्याने प्रोटेक्ट करावे. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. दुसऱ्या दोन गोष्टी मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतात. एकाहून अधिक जण निशाण्यावर असताना अर्थक्वेकचे नुकसान तीन-चतुर्थांश होते, म्हणजे १०० शक्तीची मूव्ह प्रत्यक्षात ७५ ची उरते. आणि रिलाबूम हा पोकेमॉन मैदानात आला की ग्रासी टेरेन (गवताळ जमीन) पसरते आणि जमिनीवर उभ्या असलेल्यांवर अर्थक्वेकचा परिणाम आणखी निम्मा होतो.

म्हणून दुहेरीसाठी मी स्टॉम्पिंग टँट्रम सुचवतो. तिची शक्ती ७५ असून ती एकालाच लागते, साथीदाराला धक्का लावत नाही आणि ग्रासी टेरेन तिची धार कमी करत नाही. आदल्या चालीतील मूव्ह फसली असेल तर तिची शक्ती दुप्पटही होते. दोन्ही शत्रूंना एकदम झोडपण्याचा मोह आवरता आला पाहिजे, इतकेच.

साथीदाराचा विचार निघालाच आहे म्हणून सांगतो. २०१४ साली वॉशिंग्टन डीसी येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क जिंकला, तेव्हा त्याच्या संघात गारचॉम्प होता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती पाचिरिसू ही इवलीशी खार. फॉलो मी वापरून साथीदारावर येणारे घाव ती स्वतःवर ओढून घेत असे. आमच्या रविवारच्या टोळीत फॉलो मी वापरणारा कोणी सुचवला की चेहरे पडतात, कारण ‘मारणारा नाही तर घ्यायचा कशाला’ हा प्रश्न ठरलेला असतो.

रफ स्किनवर वाजवीपेक्षा जास्त विसंबणे

शरीराला भिडून मारणाऱ्याला रफ स्किन त्याच्या एकूण एचपीच्या एक-अष्टमांश इजा करते, रॉकी हेल्मेट एक-षष्ठांश करते, आणि दोन्ही मिळून भिडणाऱ्याचे सुमारे २९ टक्के एचपी जातात. ही इजा प्रत्येक घावाला मोजली जाते. त्यामुळे पॉप्युलेशन बॉम्बचे दहा घाव मारायला आलेला माउसहोल्ड हेल्मेट नसतानाही आठव्या घावाला स्वतःच आडवा होऊ शकतो. हे पाहून खेळाडू सुखावतात आणि सर्व हल्ले असेच परतवले जातील असे धरून चालतात. ज्या आइस शार्डने गारचॉम्प पडतो, ती मूव्ह भिडून लागतच नाही, आणि आयसिकल क्रॅशही नाही. प्रोटेक्टिव्ह पॅड्स घेतलेला शत्रू भिडूनही सुखरूप राहतो.

डान्स, आउटरेज आणि स्केल शॉट

स्वॉर्ड्स डान्स करण्यापूर्वी समोर किंवा मागे अनअवेअर अॅबिलिटीचा डोंडोझो किंवा क्लॉडसायर नाही ना, हे पाहावे, कारण त्यांच्यापुढे वाढवलेला अटॅक जमेसच धरला जात नाही. आउटरेज मी सहसा घेऊच देत नाही. दोन-तीन चाली तीत अडकून राहायचे, शेवटी स्वतः गोंधळून जायचे आणि मधे शत्रूने फेअरी उतरवला तर काहीच लागायचे नाही, हा सौदा महागात पडतो. स्केल शॉट बरी, कारण ती गती एक पायरी वाढवते आणि १६९ चे २५३ होतात, मात्र डिफेन्स एक पायरी उतरतो. फेअरीवर ती मारली तर गतीही वाढत नाही, त्यामुळे फ्लटर मेनसमोर ‘आधी गती वाढवून घेऊ’ हा बेत फसतो.

कॉर्व्हिनाइटने अडवले ही तक्रारही नेहमीची आहे. त्याला ग्राउंड लागत नाही आणि ड्रॅगन अर्धा लागतो, म्हणून चौथी मूव्ह फायर फँग ठेवावी किंवा ते काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे.

सगळे आकडे बरोबर असूनही मारा कमी पडत असेल, तर बहुधा इन्सिनरोअर मैदानात येऊन गेलेला असतो. त्याच्या इंटिमिडेटने अटॅक दोन-तृतीयांश होतो आणि वर विल-ओ-विस्पने बर्न झाला तर उरलेला माराही निम्मा होतो. इंटिमिडेट दिसत असलेल्या संघाविरुद्ध क्लिअर अॅम्युलेट द्यावे. ते हाती नसेल तर इंटिमिडेट होताच गारचॉम्पला मागे घेऊन पुन्हा उतरवावे, म्हणजे अटॅक मूळ जागी येतो. बर्न मात्र बदली करूनही जात नाही. तो एकदा झाला की मारण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवून गारचॉम्पकडून स्टेल्थ रॉक किंवा स्पाइक्स पेरण्यापुरतेच काम घ्यावे, अर्थात त्या मूव्ह त्याच्याकडे असतील तर.