पिंग बंद केलं आणि फाइल अपलोड अडकायला लागलं: उपाय

लक्षण असं: साइट उघडतात, एसएसएच (दुसऱ्या संगणकावर दुरून सुरक्षितपणे शिरण्याची पद्धत) लॉगिन होतं, पण ऑफिसच्या सर्व्हरवर मोठी फाइल चढवायला घेतली की दोन-तीन टक्क्यांवर थिजते. बाहेर पिंग केलं, म्हणजे पत्ता जिवंत आहे का हे विचारणारं छोटं पॅकेट पाठवलं, तर उत्तर नाही.

केबल बदलली, डीएनएस बदलला, राउटर रीसेट केला. दोन संध्याकाळी वाया गेल्या.

दोष राउटरच्या फायरवॉलमध्ये होता. पिंगला उत्तर जाऊ नये म्हणून अख्खा आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कमधल्या अडचणींचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) अडवला होता, तोही आधीच्या जोडणीशी संबंधित पॅकेट सोडणाऱ्या नियमाच्या वर. मग वाटेतल्या अरुंद टप्प्यावरून येणारा ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोपही गळतो आणि संगणक तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

आधी तो सरसकट नियम काढा. संबंधित जोडण्यांचा नियम सगळ्यात वर आणा. आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) मध्ये आयसीएमपीचे टाइप, म्हणजे निरोपांचे प्रकार, ३ आणि ११ जाऊ द्या. आयपीव्ही६ (नवी पद्धत) मध्ये १ ते ४ जाऊ द्या, आणि १३३ ते १३६ (शेजारचे राउटर आणि संगणक शोधणारे निरोप) सुद्धा. हे शेवटचे चार अडवले तर आयपीव्ही६ चालणारच नाही. शेवटी टाइप ८, म्हणजे पिंगची विनंती, सेकंदाला ५ पर्यंत मर्यादित करा.

तपासणी: तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४६४ बाइटचं पिंग करा. २८ बाइट हेडर धरून १४९२ होतात, पीपीपीओईची (ब्रॉडबँड जोडणीची एक पद्धत) नेहमीची कमाल मर्यादा. वाट अरुंद असेल तर आता गप्प न बसता तसा संदेश येतो.

पिंगला उत्तर दिल्याने फक्त पत्ता जिवंत असल्याचं कळतं. पोर्ट (संगणकावरच्या सेवांची दारं) स्कॅन करणारे पिंग न करताही स्कॅन करतात. खरा धोका उघड्या पोर्टचा आणि जुन्या फर्मवेअरचा, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा.