विमानाचं तिकीट काढण्याआधी शहरांची ओळ लावा

परदेशात बस-रेल्वेनं स्वस्तात फिरायचं असेल तर वही उघडा, नकाशा समोर घ्या आणि शहरं अशी ओळीनं लावा की गेलेल्या वाटेनं परत यावं लागणार नाही. पॅरिसला उतरायचं, म्युनिक आणि व्हेनिस करत खाली सरकायचं आणि रोमहून परतीचं विमान धरायचं. असं तिकीट विमान कंपन्यांच्या साइटवर ‘मल्टी-सिटी’ या खान्यात मिळतं. पॅरिस-पॅरिस तिकिटापेक्षा ते थोडं महाग दिसेल, पण रोमहून पॅरिसला मागे येण्याचं भाडं आणि त्यात जाणारा अख्खा दिवस धरून मग तुलना करा.

याच पानावर व्हिसाची नोंद हवी. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही. शिवाय तो एकाच प्रवेशाचा असेल, तर पॅरिसहून लंडनला गेल्यावर त्यावर पुन्हा पॅरिसला येता येत नाही. म्हणून लंडन घ्यायचंच तर अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी घ्या. दोन शहरांमधलं स्वस्त विमान दिसलं तर भाड्याआधी विमानतळ कुठे आहे ते बघा. पॅरिसच्या नावानं विकला जाणारा बोवे विमानतळ शहरापासून ऐंशी किलोमीटरच्या पुढे आहे आणि फ्रँकफुर्टचं नाव लावणारा हान तर शंभराच्याही पुढे. तिथून शहरात येणाऱ्या बसचं भाडं आणि वेळ मिळवली की पुष्कळदा रेल्वेच बरी ठरते.

आता रेल्वे पासाचं गणित, म्हणजे एकदा पैसे भरून ठरावीक दिवस गाड्यांनी फिरू देणाऱ्या तिकिटाचं. यासाठी एक संध्याकाळ मोकळी ठेवा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात किंवा जातात. पास घेतला म्हणजे काटकसर झाली, हा समज आता जुना झाला. जपानचंच बघा. तिथला सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनांवरून एकदम 50,000 येनांवर गेला. टोकियोहून हिरोशिमाला शिंकान्सेन या बुलेट ट्रेननं जाऊन परत यायचं सुटं भाडं सुमारे 39,000 येन होतं. म्हणजे पूर्वी या एकाच फेरीत पास वसूल होऊन वर पैसे उरत, त्या वाढीनंतर पास घेणाराच अकरा हजारांनी मागे राहू लागला. तेव्हा प्रत्येक टप्प्याचं सुटं भाडं वहीत लिहा, बेरीज करा आणि शेजारी पासाची किंमत मांडा.

युरोपातल्या पासाच्या बेरजेत आरक्षणाचे पैसे वेगळे लिहायला विसरू नका. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीत आणि इटलीच्या तशाच गाड्यांत पास असला तरी जागेचं शुल्क भरावंच लागतं. ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत त्यांना दोन-तीन महिने आधी काढलेली सुटी तिकिटं बहुतेकदा स्वस्त पडतात. तारखा हलत्या असतील तर पासाचा विचार करा.

जर्मनीत महिनाभराचं ‘डॉइचलांड-टिकेट’ आहे. मे 2023 मध्ये ते 49 युरोंना सुरू झालं, जानेवारी 2025 पासून 58 झालं आणि जानेवारी 2026 पासून 63. त्यावर देशभरातल्या शहरी बस, मेट्रो, ट्रॅम आणि प्रादेशिक गाड्या चालतात, आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. खरी मेख पुढे आहे. हे वर्गणीचं तिकीट आहे, ज्या महिन्याअखेर थांबवायचं त्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. विकत घेताना लगेच फोनवर गजर लावा. पॅरिसच्या मेट्रो-बससाठीच्या आठवड्याच्या ‘नाविगो’ पासाची गोष्ट वेगळी: तो सोमवार ते रविवार असाच मोजला जातो. गुरुवारी पोचणाऱ्यानं तो घेतला तर तीन दिवस आधीच गेलेले असतात.

मुक्काम ठरवताना खोलीच्या भाड्यात रोजच्या जाण्या-येण्याचं भाडं मिळवा आणि मगच स्वस्त-महाग म्हणा. काही शहरांत उलट फायदाही होतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला हॉटेलात उतरणाऱ्यांना शहरातल्या बस-ट्रॅमसाठी मोफत कार्ड मिळतं. लक्झेंबर्गमध्ये तर 1 मार्च 2020 पासून देशभरात दुसऱ्या वर्गाचा प्रवास सगळ्यांनाच फुकट आहे. रात्रीच्या गाडीनं हॉटेलचा एक दिवस वाचतो हे खरं, मात्र निजायची जागा मिळत असेल तरच. बसून रात्र काढायची आणि दुसरा दिवस बाकावर पेंगत घालवायचा, याला मी बचत म्हणत नाही.

निघायच्या आठवड्यात भाडं भरायच्या बँक कार्डांची व्यवस्था लावा. माणशी एक कार्ड, आणि ते एकच. लंडनला आम्ही हाच धडा पैसे मोजून घेतला. सकाळी गेटावरच्या यंत्राला फोन टेकवून भुयारी रेल्वेत शिरलो, भाडं त्यातूनच कापलं जातं. उतरताना फोन बॅगेत तळाशी, मागे लोकांची रांग, म्हणून खिशातलं कार्ड टेकवलं. गेट उघडलं, त्यामुळे सगळं ठीक असेल असं वाटलं. रात्री हिशेब बघितला तर दोन अर्धवट प्रवास आणि दोन्हींवर कमाल भाडं. खातं तेच असलं तरी यंत्राच्या लेखी फोन वेगळा आणि कार्ड वेगळं, त्यामुळे दिवसाच्या भाड्याला असलेली मर्यादाही दोघांची स्वतंत्र मोजली जाते. तिथल्या बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं, आणि रोख पैसे चालत नाहीत.

इटलीच्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर शिक्का उठवायचा असतो. तिकीट विकत घेतलेलं असूनही शिक्का नाही म्हणून दंड बसू शकतो. तिथे संपही अधूनमधून होतात. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात, एवढं लक्षात ठेवलं की त्या दिवशीही हलता येतं. तिकिटाच्या यंत्रानं ‘तुमच्या चलनात पैसे घेऊ का’ विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या.

सामानाची परीक्षा घरीच घ्या. बॅग भरून झाली की ती उचलून तीन मजले चढा, न थांबता. दम लागला तर निम्मे कपडे बाहेर काढा, कारण जुन्या मेट्रो स्टेशनांत सरकते जिने असतीलच असं नाही, आणि पहिल्याच जिन्याशी हात टेकले की माणूस टॅक्सी बोलावतो. पासाच्या बेरजेत वाचवलेलं तिथेच जातं.

शेवटी, प्रत्येक शहरात पोचल्यावरच्या पहिल्या तासाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा: कोणती गाडी, कुठला फलाट, तिकीट कुठे मिळतं, कोणत्या थांब्यावर उतरायचं, त्या थांब्यापासून खोलीपर्यंतचा नकाशा. आणि त्या मार्गावरची शेवटची गाडी किती वाजता सुटते तेही. विमान रात्री साडेअकराला उतरत असेल आणि शेवटची गाडी बाराला असेल, तर ती हुकणार असं धरूनच रात्रीची बस आत्ताच शोधून ठेवा.