घरच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेताय? या चुका टाळा

कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना होणारं नुकसान बहुतेक वेळा वायर जोडतानाच होऊन जातं आणि ते कळतं ढीगभर कॅसेट संपल्यावर. विकत आणलेल्या गाण्यांच्या कॅसेटचं एवढं काही नाही, त्यातली बरीचशी गाणी आज दुसरीकडे मिळतात. पण गावच्या सप्ताहातलं कीर्तन, आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, गुरुजींनी शिकवणीत सांगितलेली बंदिश यांची दुसरी प्रत कुठेच नसते. तीस-चाळीस वर्षांची टेप अजून किती वेळा सुरळीत फिरेल, हेही कोणी सांगू शकत नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की टेपवर जे आहे ते खरखरीसकट, जसंच्या तसं आधी आत घ्या. साफसफाई नंतर करा आणि तीही प्रतीवर.

माईकच्या सॉकेटमध्ये पिन खुपसणं

सर्रास होणारी चूक हीच. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनमधून वायर काढायची आणि लॅपटॉपच्या एकुलत्या एक गोल सॉकेटमध्ये घालायची. माईककडून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. टेप डेकच्या लाइन-आउटमधून, म्हणजे दुसऱ्या यंत्राला आवाज द्यायच्या सॉकेटमधून, येणारा असतो साधारण एक तृतीयांश व्होल्टचा, म्हणजे शंभरपट वगैरे मोठा. माईकसाठी बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर तो पेलू शकत नाही आणि आवाज फाटतो. मग लोक विंडोजमधला व्हॉल्यूम खाली ओढतात. त्याचा बहुतेक वेळा उपयोग होत नाही, कारण आवाज त्या पट्टीपर्यंत पोचण्याआधीच फाटलेला असतो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. लाटा छोट्या असतात, पडद्याच्या अर्ध्यापर्यंतही जात नाहीत, तरी त्यांचे माथे सपाट कापलेले असतात. असं चित्र दिसलं की रेकॉर्डिंग थांबवा. ते पुढे कशानेही दुरुस्त होणार नाही.

लॅपटॉपमध्ये आणखी एक फसगत होते. ते सॉकेट हेडफोन आणि माईक एकत्र असलेल्या चार कड्यांच्या पिनसाठी असतं. साधी तीन कड्यांची स्टिरिओ पिन घातली, तर लॅपटॉपला तो हेडफोन वाटतो आणि रेकॉर्डिंग त्याच्या स्वतःच्या, पडद्याजवळच्या माईकवरूनच चालू राहतं. लाटा हलताना दिसतात, म्हणून आपण निश्चिंत. नंतर ऐकावं तर कीर्तनाच्या मागे पंख्याची घरघर आणि कुकरची शिट्टी. याची चाचणी सोपी आहे. टेप बंद ठेवून रेकॉर्डिंग चालू करा आणि लॅपटॉपच्या कडेवर बोटाने टकटक करा. ती टकटक पडद्यावर उमटली, तर आवाज वायरमधून येतच नाहीये.

डेस्कटॉप असेल तर मागे निळं सॉकेट शोधा. ते लाइन-इन, म्हणजे लाइन-आउटचा मोठा सिग्नल आत घेणारं. गुलाबी माईकचं, हिरवं स्पीकरचं. लॅपटॉपवाल्यांनी लाल-पांढऱ्या पिनांची लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा. बोटाएवढं स्वस्त यूएसबी साउंड कार्ड मिळतं, त्यावर बहुधा माईकचंच आणि तेही मोनो (डावा-उजवा वेगळा न घेणारं) सॉकेट असतं, म्हणजे अडचण होती तिथेच राहते. टू-इन-वनला लाइन-आउट नसेल तर हेडफोनमधूनच घ्या, पण त्याचा व्हॉल्यूम मध्यावर ठेवा आणि बास-ट्रेबल सरळ.

विंडोजची नको असलेली मदत

तानपुऱ्याची जुनी रेकॉर्डिंगं घेणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. विंडोज आणि साउंड कार्डबरोबर येणारं सॉफ्टवेअर असं गृहीत धरून चालतं की तुम्ही मीटिंगमध्ये बोलताय. त्यासाठी ते गोंगाट दाबणं, प्रतिध्वनी काढणं, हळू आवाज आपोआप मोठा करणं अशा गोष्टी परस्पर करतं. गोंगाट ओळखायची त्याची रीत ढोबळ आहे. जो आवाज न बदलता सतत चालू राहतो, तो गोंगाट. आता तानपुरा दुसरं काय करतो? चार तारा अखंड झंकारत राहणं हेच त्याचं काम. दोन-तीन सेकंदांत सॉफ्टवेअर तानपुरा गिळायला लागतं, पेटीचा लांबवलेला सूर मधेच विरतो आणि गवयाने श्वास घेतला की पाठीमागे भकास शांतता पसरते. ऐकणारा म्हणतो, टेप खराब झालीये. टेप ठणठणीत असते.

आवाज आपोआप मोठा करण्याचा त्रास वेगळा. बुवा दोन वाक्यांच्या मध्ये थांबले, की टेपची सूं हळूहळू वर चढते आणि पुढचा शब्द आला की दचकून खाली बसते. कीर्तनात त्या थांबण्यालाच अर्थ असतो. म्हणून सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग साउंड, तिथे तुमचं इनपुट उघडा आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स पूर्ण बंद करा. साउंड कार्डच्या कंपनीचं वेगळं अ‍ॅप असेल, तर त्यातही जाऊन बंद करा, कारण एका ठिकाणी बंद केलेलं दुसरीकडे चालू असू शकतं.

काहीच रेकॉर्ड होत नसेल, रेघ सरळच राहत असेल, तर वायर बदलण्याआधी प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी बघा. लाइन-इनमधला आवाजही विंडोजच्या लेखी मायक्रोफोनच आहे. ऐकू येत नसेल, तर आउटपुट मॉनिटरकडे किंवा टीव्हीकडे गेलंय का ते पाहा. एचडीएमआयची वायर लावली की ते कित्येकदा गुपचूप तिकडे वळतं. ब्लूटूथ हेडफोनवर आवाजाचा दर्जा तर अजिबात पारखू नका. त्याचा माईक चालू झाला की तो फोनच्या दर्जाच्या मोनोवर उतरतो. साधा वायरचा हेडफोन लावा. आणि स्लीप मोड बंद करा, पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूत तिसाव्या मिनिटाला लॅपटॉप झोपायला नको.

पातळी गजरावर ठरवा

सुरुवातीच्या निरूपणावर रेकॉर्डिंगची पातळी लावली, की पुढे पखवाज, टाळ आणि ‘ज्ञानबा-तुकाराम’चा गजर सुरू झाला की सगळं शून्य डेसिबलवर आपटतं. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नाही, जे वर गेलं ते कापलं गेलं. आधी टेप पुढे नेऊन सर्वांत मोठा भाग शोधा आणि तिथे मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असं बघा. निरूपण हळू वाटलं तर वाटू द्या. साध्या कॅसेटची खरखरीपासून सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतची झेप पन्नास-पंचावन्न डेसिबलची असते, १६ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगला ती ९६ डेसिबल मिळते आणि २४ बिटला त्याहून खूप जास्त. वर जागा मोकळी सोडल्याने काहीही हरवत नाही. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवा. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासा जतनासाठी किमान हेच सांगते.

एकसारखी घुमणारी घूं ऐकू येत असेल तर ती बहुधा ५० हर्ट्झच्या विजेची. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. घूं गेली तर दोष चार्जर आणि अर्थिंगच्या जोडणीत आहे, तेव्हा रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. काही जण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. ते कदापि करू नका, जिवाशी खेळ आहे.

कॅसेट घातली आणि प्ले दाबलं

असं थेट करू नका. आधी टेपवरचा आवाज वाचणारं हेड आणि टेप दाबून पुढे ओढणारं रबरी चाक, म्हणजे पिंच रोलर बघा. तपकिरी थर साचलेला असेल तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसा. रबर मात्र जरा जपून पुसा. मग कॅसेटची खिडकी बघा. कोकणातल्या आणि एकूणच दमट घरांतल्या कॅसेटमध्ये गुंडाळीवर पांढरी बुरशी धरलेली असते. ती कॅसेट लावली तर बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. अशा कॅसेट बाजूला, वेगळ्या पिशवीत ठेवा आणि टेप साफ करण्याचा अनुभव असलेल्या माणसाकडेच द्या. मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे शाबूत असतील तर तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही. बऱ्याच वर्षांत न लागलेली टेप आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या.

आवाज दबका, गोधडीतून आल्यासारखा येतोय म्हणून इक्वलायझरमध्ये ट्रेबल चढवणारे खूप भेटतात. त्याने खरखर तेवढी वाढते. खरं कारण बहुतेकदा हेडच्या कोनात असतं. ज्या मशीनवर टेप भरली, त्याचं हेड आणि तुमच्या मशीनचं हेड यांच्या तिरकेपणात बारीकसा फरक पडला तरी वरचे सूर जातात. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा खुणेने नोंदवून ठेवा, डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनोत ऐका आणि स्क्रू अगदी किंचित इकडे-तिकडे फिरवा. टाळाचा आवाज एका जागी लख्ख उघडतो. तिथे थांबा. कॅसेट बदलली की हे पुन्हा तपासावं लागतं, कारण प्रत्येक टेपचं मशीन वेगळं होतं. कंटाळवाणं आहे खरं, पण सगळ्या सॉफ्टवेअरने मिळून होत नाही इतका फरक या एका स्क्रूने पडतो.

वेग चुकला तर पट्टीही चुकते

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली, तेव्हापासून टेपचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर ठरलेला आहे. घरातल्या मशीनचे बेल्ट सैल झालेले असतात, मोटर कमी-जास्त फिरते. वेग सहा टक्क्यांनी वाढला की स्वर एका पट्टीने चढतो. काळी एकमध्ये गाणारे बुवा तिच्या लगतच्या वरच्या पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू आले, तर गाणं तेवढ्याने धावतंय. पेटी किंवा ट्यूनर लावून तपासा. भरतानाच पेटी थोडी उतरलेली असू शकते, म्हणून बारीक फरकाच्या मागे लागू नका. दुरुस्ती करताना फक्त पट्टी बदलणारी सोय वापरू नका, त्याने लय जलदच राहते. वेग आणि पट्टी दोन्ही बदलणारी ‘चेंज स्पीड अँड पिच’ वापरा. पांढरी दोनवरून काळी एकवर यायला वेग सुमारे साडेपाच टक्के कमी करावा लागतो.

खरखर काढायची घाई

ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन चांगलं आहे, पण त्याला आधी नुसत्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो. नमुना म्हणून लोक गाणं सुरू होण्याआधीचा भाग निवडतात, तिथे तानपुरा लागलेला असतो. मग तानपुराच गेला! टेपच्या सुरुवातीचा कोरा भागही चालत नाही, कारण त्यात देवळातला पंखा, माईकची सूं नसते. रेकॉर्डिंग चालू असतानाचा, कोणी बोलत-वाजवत नसलेला दोन-तीन सेकंदांचा तुकडा शोधा. सहा डेसिबलपासून सुरू करा, बाराच्या पुढे जाऊ नका. शब्दांच्या शेवटी किणकिण ऐकू आली की जास्त झालं. थोडी खरखर राहिलेली केव्हाही बरी.

आणि सेव्ह केलं म्हणजे झालं असं समजू नका. ऑडॅसिटीची एयूपी३ फाइल हा प्रकल्प आहे, ती दुसऱ्या प्लेअरवर वाजणार नाही. प्रत्येक बाजू संपली की लगेच वेव्ह (WAV) फाइलमध्ये एक्सपोर्ट करा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला तासाला साधारण एक जीबी लागतो, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट दीड जीबीत बसते. ही मूळ वेव्ह उघडून तिच्यावरच कधी काम करू नका, तिची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर आणि जमल्यास दुसऱ्या घरात ठेवा. नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायची एमपी३ तिच्यातून केव्हाही काढता येते, एमपी३मधून वेव्ह मात्र परत मिळत नाही. फाइलला ‘ट्रॅक १’ असं नाव देऊ नका. कोण, कुठे, कोणतं वर्ष, कोणती बाजू एवढं नावातच लिहा, कव्हरवरच्या आणि लेबलवरच्या हस्ताक्षराचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका, आणि कॅसेट फेकून देऊ नका.