जुन्नरच्या गोधडी शिबिराला निघायच्या आधी कोणी काय करायचं

ऐका गं सगळ्या, शुक्रवारी पहाटे कल्याणहून निघायचं आणि रविवारी परत हे पक्कं झालंय, तर बॅगा भरायच्या आधी हे नीट वाचा. सुई-दोरा तिथे मिळेल, पण कापड ज्याचं त्याने आणायचंय, आणि सगळी गोम कापडातच आहे. तिथे बसून साड्या फाडत, इस्त्री करत बसलो तर शिवायला वेळच उरणार नाही, म्हणून कापडाचं सगळं काम घरी संपवून यायचं आणि तिथे फक्त धावदोरा घालायचा.

साड्या जुन्या, सुती, खूप वेळा धुतलेल्याच आणा. सिंथेटिकमध्ये सुई जड जाते आणि थर एकमेकांवरून सरकत राहतात, तेव्हा आईची ती सुळसुळीत जॉर्जेट कितीही आठवणीची असली तरी घरीच राहू दे. नवं कापड घेणार असाल तर आधी धुवून खळ काढा, नाहीतर गोधडी पहिल्या धुण्यात आक्रसून सुरकुतेल. गडद लाल, निळा असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा, रुमाल रंगला तर ते कापड बाद. जरीचे काठ कापून टाका. आणि कृपा करून डबल बेडची स्वप्नं बघू नका, दोन-तीन दिवसांत हाताने ती होत नाही. दुपटं करू, फार तर मांडीवर घ्यायची छोटी गोधडी. हिशोब सोपा आहे, पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, तिचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक सव्वा मीटरच्या वर लांब, पन्हा (म्हणजे रुंदी) मीटरपेक्षा थोडा जास्त, म्हणजे एका साडीत चार थरांचं दुपटं निघतं. वरच्या थराला ठिगळं लावायची असतील तर चिंध्या आधीच चौकोनी कापून, इस्त्री करून, पिशवीत भरून आणा. मुंबईत कापड शोधायचंच असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट, पण रविवारी बंद असतं, त्यामुळे शेवटच्या रविवारवर ढकलू नका.

हत्यारं: कापडाची कात्री वेगळी, कागदाला लावलेली चालणार नाही. हैदराबादवालीने कात्री आणि सुया चेक-इन बॅगेतच टाकायच्या, हातातल्या बॅगेत सापडल्या तर एअरपोर्टवर काढून घेतील. टेप, टेलरचा खडू (नसेल तर साबणाची संपत आलेली चिपटी, रेघ मस्त उमटते आणि धुतली की जाते), अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी), भरपूर सेफ्टी पिना. कच्चे टाके घालायच्या ऐवजी पिना लावल्या तरी थर जागेवर राहतात. जवळचा चष्मा विसरलात तर मी सुईत दोरा ओवून देणार नाही. एक लोहचुंबक मी घेतेय, सतरंजीवर सगळ्या अनवाणी बसणार आणि सुया हरवणारच. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी जाड उशी आणा, मांडी घालून तासन् तास बसणं आपल्याला आता झेपत नाही, उगाच शूरपणा नको.

नागपूरवाली विदर्भ एक्सप्रेसने येतेय ना, तर सीएसएमटीपर्यंत जायचंच नाही, कल्याणलाच उतर. तिथून मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट चढून मढ आणि मग जुन्नर, थांबत-थांबत तीन-साडेतीन तास धरा. गाडी सीएनजीची आहे, म्हणजे डिकी अर्धी टाकीनेच खाल्लेली, त्यामुळे चाकाच्या सुटकेस कोणी आणू नका, मऊ बॅगा आणा, दाबून बसतात. गॅस कल्याणलाच फुल करणार. स्टेपनीत हवा, जॅक, पाना मी आदल्या दिवशी बघून ठेवते. घाटात नेटवर्क जातं, मॅप डाउनलोड करून ठेवा आणि थोडी रोकड, सुट्ट्यांसकट, जवळ असू दे. गाडी लागणाऱ्यांनी अवोमिन निघायच्या एक-दोन तास आधी घ्यायची, घाटात उलटी आल्यावर नाही. वॉशरूमला मुरबाडला थांबू, पुढे नीट जागा मिळेलच असं नाही.

डिसेंबरात जुन्नरला चांगली थंडी असते, मुंबईच्या हिशोबाने एक पातळ स्टोल आणाल आणि कुडकुडाल, स्वेटर आणि मोजे आणाच. टॉर्चही हवी, लाइट गेली तर. आणि एक सिरियस गोष्ट, तो सगळा ऊसाचा पट्टा आहे आणि जुन्नर तालुक्यात बिबटे खरंच आहेत, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रच आहे, तेव्हा अंधार पडल्यावर चांदणं बघायला एकटीने शेतात जायचं नाही. शिकवणाऱ्या मावशींचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि त्यांची गोधडी विकत घ्यायची असेल तर घासाघीस अजिबात नको, त्यातले टाके मोजायला बसलात तर किंमत आपोआप कळेल. शनिवारी दुपारी मोकळा वेळ आहे, लेण्याद्री की शिवनेरी ते ठरवा, दोन्हीकडे चढ आहे, मला विचाराल तर शिवनेरी, महाराज जन्मले तो गड बाहेरगावच्यांना दाखवायचा नाही तर काय दाखवायचं.

परतीला रविवारी जेवण झाल्या झाल्या निघायचं, कारण नागपूरवालीची गाडी कल्याणहून संध्याकाळची आहे आणि अंधारात घाट उतरायला मला आवडत नाही. दुपटं अर्धं राहिलं तर राहू दे, घरी पुरं करा, फक्त गुंडाळताना सुई त्यात टोचून ठेवू नका, काढून डबीत घाला, मागच्या सीटवर त्या गाठोड्यावर डोकं ठेवून कोणीतरी झोपणारच आहे.