नाटकात चौंडके, संबळ आणि हलगी कशी वापरावी

नाटकात लोकवाद्य घ्यायचे ठरले की बहुतेक संस्था आधी वाद्य विकत आणतात आणि मग ते वाजवणारा शोधत बसतात. हा क्रम उलटा करावा. आपल्या सांगली-सातारा भागात वादक शोधायला फार लांब जावे लागत नाही : जतच्या यल्लम्मादेवीच्या मार्गशीर्षातील यात्रेत चौंडके ऐकू येते, पालीच्या खंडोबाच्या पौषातील यात्रेत वाघ्याची दिमडी (हातात धरायचे छोटे डफासारखे वाद्य), तर आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात धनगरी ढोल. यात्रेत वादक देवाच्या कामात असतो, म्हणून तेथे फक्त ऐकावे आणि मानधनाची, तारखांची बोलणी नंतर त्याच्या घरी जाऊन करावीत. दिवाळीनंतरचा हौशी नाटकांचा हंगाम आणि मार्गशीर्ष एकमेकांवर येतात, हे प्रयोग ठरवतानाच लक्षात ठेवावे.

वाद्य निवडताना त्याचे दिसणे बाजूला ठेवून आवाज काय करू शकतो ते पाहावे. चौंडक्याचे लाकडी नळकांडे एका बाजूने कातड्याने मढवलेले असते आणि कातड्याच्या मध्यातून निघालेली तात दुसऱ्या टोकाला मुठीत धरायच्या लाकडाला बांधलेली असते. वादक नळकांडे डाव्या काखेत दाबतो, डाव्या मुठीने तात ताणतो आणि उजव्या हाताने ती छेडतो. मूठ जराशी ओढली की स्वर वर चढतो, सैल सोडली की खाली घसरतो. त्यामुळे हे वाद्य ठेका धरताधरता बोलल्यासारखे वाटते. एकट्या पात्राच्या मनातील घालमेल दाखवायला याच्याइतके नेमके वाद्य मला माहीत नाही. मात्र जोगत्यांसाठी, म्हणजे यल्लम्माच्या उपासकांसाठी, ते पूजेचे वाद्य आहे. ते विनोदी प्रवेशात वाजवायचे असेल, तर वादकाला प्रसंग आधी वाचून दाखवावा आणि तो नको म्हणाला तर आग्रह धरू नये.

संबळ, म्हणजे काड्यांनी वाजवायची दोन चर्मवाद्यांची जोडी, कमरेला बांधलेले असल्यामुळे वादक पात्रांबरोबर चालू शकतो. तुणतुण्याला एकच तार असते, ती गाणाऱ्याच्या पट्टीत लावून घेतली की काम भागते. दिमडीसाठी पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत. घोरपडीला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने बकरीच्या कातड्याचीच दिमडी घ्यावी.

खरी काळजी हलगीची, म्हणजे काड्यांनी वाजवायच्या डफासारख्या वाद्याची. ओलसर हवेत तिचे पान (ताणून बसवलेले कातडे) सैल पडते आणि कडकडीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. एका पावसाळी प्रयोगात आमची हलगी दुसऱ्या अंकात अशीच बसली; वादक मागच्या पडवीत जाऊन जुने पेपर पेटवून ती तापवू लागला आणि तोपर्यंत रंगमंचावरच्या दोघांनी भांडणाचा प्रवेश पाच मिनिटे ताणला. (प्रेक्षकांना तो प्रवेश आवडला, हे वेगळे.) नाट्यगृहात विस्तव चालत नाही, म्हणून तेव्हापासून आम्ही दोन हलग्या ठेवतो : एक वाजते, तेव्हा दुसरी विंगेत पिवळ्या बल्बपासून वीतभर अंतरावर ऊब घेत असते. फार जवळ नेली तर पान तडकते. फायबरच्या पानाची हलगी सैल पडत नाही, पण तिचा आवाज पत्र्यासारखा येतो. नाइलाज असेल तरच ती घ्यावी.

तालमीत वादक शेवटच्या आठवड्यात नव्हे, तर नाटक उभे राहू लागताच यायला हवा. त्याला मात्रा मोजून सूचना देऊ नयेत. नटाचे एखादे वाक्य किंवा पाऊल ठरवून द्यावे, तो ते चुकवत नाही. वादकांना विंगेत दडवण्याचाही हट्ट नको. विष्णुदास भावे यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून सूत्रधार प्रेक्षकांसमोर उभा राहून पदे म्हणत असे. त्याच रीतीने चौंडकेवाला डाव्या कोपऱ्यात दिसत राहिला तर प्रसंगाला आधारच मिळतो. चौंडक्याला जवळ माइक लागतो. हलगीला तो कधीही देऊ नये. उलट तिला मागे उभे करावे, नाहीतर पुढच्या रांगांना संवाद ऐकू जात नाहीत.

प्रयोगाआधी अनेक वादक वाद्याला हळद-कुंकू वाहतात. त्यासाठी पहिल्या घंटेपूर्वी पंधरा मिनिटे आणि चपला नसलेला एक कोपरा त्यांना मोकळा द्यावा, आणि परतताना ही वाद्ये नेपथ्याच्या फळ्यांबरोबर टेम्पोत न टाकता वादकाच्याच हाती द्यावीत.